एकपक्षीय वर्चस्वाचा सिद्धान्त आणि खानदेशांतील निवडणुकींचा पुरावा

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रांतील विधानसभेच्या निवडणुकींविषयीं जें लेखन झालें आहे, त्यांतील पुष्कळसें कै. रजनी कोठारी यांच्या ‘काँग्रेस-व्यवस्थे’च्या सिद्धान्ताचा आधार घेऊन चालतें. हा सिद्धान्त त्यांनीं १९६४ सालीं एका निबंधांत मांडला व १९७० सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा विस्तार केला. त्याचा सारांश असा कीं, काँग्रेस हा सर्वसंमतीचा पक्ष असून इतर पक्ष बाहेरून दाब आणणारे होत. खरी स्पर्धा काँग्रेसच्या पोटांतील गटांमध्यें चालते, आणि बाहेरचे पक्ष त्यांपैकीं एखाद्या गटाला बळ देऊन आपला हेतु साधतात. सिद्धान्त मार्मिक आहे, यांत शंका नाहीं. परंतु सिद्धान्तानें पुराव्यामागून चालावें, पुराव्यापुढें धांवूं नये, हा इतिहाससंशोधनाचा पहिला नियम होय. त्या नियमास धरून, खानदेशाकडे व विशेषतः पाचोरा तालुक्याकडे दृष्टि ठेवून, या मताचें परीक्षण करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम आंकडे पाहूं. १९५२ सालीं मुंबई राज्याच्या विधानसभेंतील ३१५ जागांपैकीं २६९ जागा, म्हणजे शेंकडा ८५, काँग्रेसला मिळाल्या. मतें मात्र शेंकडा ५० च्या आसपास होतीं. १९५७ सालीं मतें शेंकडा ४९ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकींच पडलीं. जागा मात्र ३९६ पैकीं २३४, म्हणजे शेंकडा ५९ वर आल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६२ सालीं २६४ पैकीं २१५, १९६७ सालीं २७० पैकीं २०३ व १९७२ सालीं २७० पैकीं २२२ जागा त्या पक्षाकडे गेल्या. १९६७ सालीं तर त्यास निम्म्याहून कमी, शेंकडा ४७ मतें असतांही तीनचतुर्थांश जागा त्याच्याच होत्या.

यावरून एक गोष्ट उघड होते. ज्यास आपण वर्चस्व म्हणतों, तें मतदारांच्या एकमतांत नव्हतें. विरोधकांच्या फुटींत होतें. १९५२ सालीं समाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट असे सर्व पक्ष वेगवेगळे लढले. फेब्रुवारी १९५६ मध्यें संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली व मराठी जिल्ह्यांत बहुतेक विरोधक एका झेंड्याखालीं आले. गुजरातेंत महागुजरात जनता परिषदेनें तेंच कार्य केलें. मतें हललीं नाहींत, जागा मात्र हलल्या. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. १९५२ चें मुंबई राज्य आणि १९५७ चें द्वैभाषिक हीं एक नव्हेत. पहिल्यांत कर्नाटकाचे जिल्हे होते, दुसऱ्यांत ते जाऊन विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ आले. म्हणून या दोन वर्षांची तुलना सरसकट करणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. ती जिल्हावार केली पाहिजे.

आतां खानदेशापुरतें पाहूं. १९५७ सालीं विधानसभेबरोबरच लोकसभेचीही निवडणूक झाली. तींत पूर्व खानदेशांतून नौशीर भरुचा हे अपक्ष, धुळ्याहून उत्तमराव पाटील हे जनसंघाचे, आणि पश्चिम खानदेशांतून लक्ष्मण वेडू वळवी हे प्रजासमाजवादी पक्षाचे, असे तिघे निवडून आले. ज्या प्रदेशांतील फैजपूर येथें डिसेंबर १९३६ मध्यें ग्रामीण भागांतील पहिलें काँग्रेस-अधिवेशन भरलें, तेथेंच वीस वर्षांनीं हें घडलें. यांना केवळ ‘दाब आणणारे’ म्हणणें आम्हांस पटत नाहीं. त्या वर्षीं ते प्रत्यक्ष जिंकणारे होते. परंतु पुढचा पुरावा कोठारींच्या बाजूनें साक्ष देतो. हेच वळवी १९६२ सालीं नंदुरबारहून काँग्रेसच्या नांवावर लोकसभेंत गेले. बाहेरचा विजयी विरोधक पांच वर्षांत आंत घेतला गेला. वर्चस्वाचें रहस्य पराभव करण्यांत जितकें, तितकेंच सामावून घेण्यांत होतें.

हें सामावून घेणें कोणत्या साधनांनीं झालें, याविषयीं सिद्धान्त फार थोडें सांगतो, व येथेंच त्याची मुख्य उणीव आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर तालुक्यांत शोधलें पाहिजे. १९६१ च्या कायद्यान्वयें १९६२ सालीं जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वांत आल्या. त्यांच्या जोडीस सहकारी सोसायट्या, खरेदी-विक्री संघ, बाजार समित्या व शिक्षणसंस्था होत्याच. पाचोऱ्यासारख्या कापसाच्या व्यापाराच्या गांवीं कर्ज कोणास मिळावें, रस्ता कोठून जावा, शाळा कोणत्या गांवीं निघावी, हे प्रश्न या संस्थांतून सुटत. विधानसभेची उमेदवारी मागणारा मनुष्य बहुधा या पायऱ्या चढूनच वर येई. अर्थात् मतदानाच्या दिवशीं जी स्पर्धा दिसे, तिच्याहून मोठी स्पर्धा त्यापूर्वींच होऊन गेलेली असे.

ही आंतली स्पर्धा बाहेर आली म्हणजे काय होतें, तें १९७८ सालीं दिसलें. काँग्रेस दुभंगली होती. २८८ जागांपैकीं जनता पक्षास ९९, आणि दोन काँग्रेसांस अनुक्रमें ६९ व ६२ जागा मिळाल्या. दोन्ही मिळून १३१ होतात, म्हणजे जनता पक्षाहून पुष्कळ अधिक; म्हणूनच त्या दोघींस मिळून वसंतदादा पाटील यांचें मंत्रिमंडळ बनवितां आलें. घर मोडलें तें आंतून, ही कोठारींच्या मताची पुष्टि आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

तथापि अभ्यासकांनीं अधिकृत कोष्टकें वाचतांना तीन ठिकाणीं सावध राहावें. पहिलें : १९५२ व १९५७ सालीं द्विसदस्य मतदारसंघ होते, १९५२ च्या ३१५ जागा २६८ मतदारसंघांत होत्या. अशा संघांत प्रत्येकास दोन मतें असल्यानें मतांची बेरीज म्हणजे मतदारांची बेरीज नव्हे. दुसरें : मतदारसंघाचें नांव तेंच राहिलें तरी सीमा त्याच राहत नाहींत. २००८ च्या पुनर्रचनेनें पाचोरा मतदारसंघ एरंडोलऐवजीं जळगांव लोकसभा मतदारसंघास जोडला गेला. त्यापूर्वींच्या आंकड्यांशीं तुलना करतांना गांवांच्या याद्या पडताळल्या पाहिजेत. तिसरें : पक्षाचें नांव तेंच म्हणून पक्ष तोच असें नाहीं. पाचोऱ्यांतून १९९९ व २००४ सालीं शिवसेनेचे आर. ओ. पाटील, २००९ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे दिलीप वाघ, व २०१४, २०१९ आणि २०२४ सालीं शिवसेनेचे किशोर पाटील निवडून आले. कोष्टकांत शेवटचे तिन्ही विजय एकाच नांवाखालीं दिसतात. परंतु मध्यें २०२२ सालीं त्या पक्षाचे दोन भाग झाले, व २०२४ सालीं दोन्ही भागांचे उमेदवार येथें समोरासमोर होते. १९६९ नंतरची काँग्रेसची कोष्टकें वाचणारास हा अनुभव नवा वाटणार नाहीं.

सारांश, कोठारींचा सिद्धान्त आम्ही टाकाऊ मानीत नाहीं, अपुरा मानितों. तो वर्चस्वाचा आकार दाखवितो, कारागिरी दाखवीत नाहीं. ती कारागिरी ज्या कागदांत आहे, ते कागद नाशिवंत आहेत. मतपत्रिका नियमानेंच ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. सोसायट्यांचीं इतिवृत्तें, बाजार समित्यांचे ठराव, प्रचाराचीं हस्तपत्रकें, उमेदवारीसाठीं लिहिलेले अर्ज व पत्रें यांना तर बहुधा कोणी जपत नाहीं. तीं रद्दींत जातात. जो जिंकला त्याचें नांव आयोगाच्या अहवालांत राहतें. जो पक्षाच्या बैठकींतच हरला, त्याची नोंद कोठेंच राहत नाहीं. आणि वर्चस्वाच्या काळांत निवडणुकीचा निर्णय पुष्कळदा त्या बैठकींतच होत असे.

शिवकालीन एक फर्मान मिळावें म्हणून आपण वाड्यांचे माळे धुंडाळितों. पाचोरा, भडगांव, जामनेर येथील संस्थांच्या कपाटांतले १९५२ ते १९७८ चे कागद त्याच आस्थेनें मागितले गेले पाहिजेत. तसें न केल्यास एका पिढीनें आपला राज्यकारभार कसा निवडला, याविषयीं पुढील संशोधकाच्या हातीं जागांचे आंकडे तेवढे राहतील.