हेतुपुरस्सर पराभव की पुनर्बांधणी? फिलाडेल्फियाच्या 'प्रोसेस'ची चिकित्सा

प्रास्ताविक

फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे महाव्यवस्थापक सॅम हिंकी यांनी एप्रिल २०१६ मध्ये राजीनामा दिला. राजीनाम्याचे पत्र तेरा पृष्ठांचे होते आणि ते संघाच्या भागधारकांना उद्देशून लिहिलेले होते. त्यात वॉरन बफे व चार्ली मंगर हे गुंतवणूकदार येतात, अब्राहम लिंकन येतात, न्यूझीलंडमधील 'मोआ' हा नामशेष झालेला, उडता न येणारा पक्षी येतो. सुरुवातीच्या भागातच अतुल गवांदे या मराठी वंशाच्या शल्यचिकित्सक-लेखकाचाही आदराने उल्लेख आहे. प्रत्यक्ष बास्केटबॉलपर्यंत पोहोचण्यास वाचकाला बराच वेळ लागतो.

हे पत्र ज्या कारकिर्दीचे समर्थन करते तिचा हिशेब मात्र अगदी थोडक्यात सांगता येतो. २०१३-१४ मध्ये १९ विजय व ६३ पराभव, २०१४-१५ मध्ये १८ व ६४, २०१५-१६ मध्ये १० व ७२. तिसरा हंगाम संपण्यास काही दिवस उरले असताना हिंकी पायउतार झाले. तीन हंगामांत २४६ सामने आणि त्यांपैकी १९९ पराभव, हा अपघात नव्हता, योजना होती. चाहत्यांनी तिला 'प्रोसेस' म्हणजे 'प्रक्रिया' असे नाव दिले आणि त्या प्रक्रियेवर विश्वास ठेवण्याची घोषणाही रूढ केली. दुबळ्या संघाने आणखी दुबळे होऊन सबळ व्हावे, हा या योजनेचा गाभा. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची चिकित्सा करावयाची आहे.

व्यवस्था आणि तिचे आमिष

राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेत, म्हणजे एन.बी.ए.मध्ये, दरवर्षी नवोदित खेळाडूंची 'ड्राफ्ट' नावाची निवड होते. संघांनी एकामागून एक आपल्या क्रमाने खेळाडू निवडावयाचे असतात आणि मागे पडलेल्या संघाला आधी निवडीची संधी मिळते. हेतू स्पष्टपणे समतेचा आहे. परंतु तळाला असण्याचे बक्षीस ठेवले की तळ गाठण्याची स्पर्धाही सुरू होते. इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, आपल्याकडील आय.पी.एल.मध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि शेवटच्या संघाला त्यात अग्रक्रम नसतो. एन.बी.ए. ही बंदिस्त स्पर्धा आहे. तेथे कितीही हरले तरी संघ तेथेच राहतो.

त्यातही बास्केटबॉलची प्रकृती या आमिषाला विशेष अनुकूल आहे. एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात व उत्तम खेळाडू सामन्याचा बहुतांश वेळ खेळतो. त्यामुळे एका असामान्य खेळाडूने संघाचे भाग्य पालटू शकते. शिवाय १९९५ पासून नवोदितांचे वेतन ठरावीक श्रेणीत बांधलेले आहे. एकूण वेतनावर मर्यादा असलेल्या व्यवस्थेत असा गुणी आणि स्वस्त खेळाडू हे मोठेच घबाड ठरते.

संघटनेला या रोगाची जाणीव जुनी आहे. १९८४ पर्यंत दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होऊन पहिली निवड ठरत असे. ह्यूस्टन रॉकेट्स संघाने १९८३ व १९८४ अशी सलग दोन वर्षे ती जिंकली आणि तो मुद्दाम हरला असा संशय व्यक्त झाला. १९८५ पासून सोडतीची पद्धत आली. प्रथम बाद फेरीबाहेरच्या सर्व सात संघांना समान संधी होती. १९९० पासून अधिक हरणाऱ्याला अधिक संधी मिळू लागली. १९९३ मध्ये निम्मे सामने जिंकलेल्या ऑर्लँडोच्या नावे ६६ पैकी एकच शक्यता असताना तीच निघाली, तेव्हा पुन्हा बदल होऊन तळाच्या संघाची शक्यता २५ टक्के करण्यात आली. आमिष कमी करण्यासाठी आणलेली सोडत अशा रीतीने दहा वर्षांच्या आत आमिष वाढविणारी झाली.

हा केवळ संशय नव्हता. अर्थशास्त्रज्ञ बेक टेलर व जस्टिन ट्रॉग्डन यांनी २००२ मध्ये 'जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात तीन हंगामांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. नाणेफेकीच्या १९८३-८४ मध्ये व भारित सोडतीच्या १९८९-९० मध्ये बाद फेरीची आशा संपलेले संघ अपेक्षेपेक्षा अधिक हरले. समान संधीच्या १९८४-८५ मध्ये हा कल आढळला नाही. नियम बदलला की वर्तन बदलते, ही गोष्ट यातून पुरेशी स्पष्ट होते.

पराभवाचे अर्थशास्त्र आणि त्याची बाजू

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. मैदानावरील खेळाडू वा प्रशिक्षक मुद्दाम हरतात असा याचा अर्थ नाही. त्यांची उपजीविका प्रत्येक सामन्यातील कामगिरीवर अवलंबून असते. हरण्याचे काम कार्यालयात होते. चांगले खेळाडू देऊन टाकावयाचे, त्यांच्या जागी भविष्यातील निवडींचे हक्क घ्यावयाचे, दहा दिवसांच्या करारावर माणसे आणावयाची आणि सोडून द्यावयाची. हिंकी यांनी पदावर आल्यानंतर काही आठवड्यांतच ज्रू हॉलिडे हा उत्तम खेळाडू देऊन टाकला व नर्लेन्स नोएल हा गुडघ्याची दुखापत झालेला नवोदित घेतला. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम एकही सामना खेळला नाही. या दोन्ही निवडी दूरदृष्टीच्या होत्या असे म्हणता येते; त्या वर्षीच्या पराभवाला पोषक होत्या असेही म्हणता येते. या धोरणाची खुबी अशी की हे दोन हेतू वेगळे करून दाखविता येत नाहीत.

पत्राची भाषा गुंतवणूकदाराची आहे. आजचा तोटा हा उद्याच्या नफ्यासाठी भरलेला हप्ता, असे तिचे तर्कशास्त्र. गुंतवणुकीच्या क्षेत्रात हे तर्कशास्त्र निर्दोष आहे, कारण तेथे धीर धरणारा आणि नफा घेणारा एकच असतो. क्रीडासंघाच्या बाबतीत तसे नाही. भागधारकाच्या मालमत्तेचे मूल्य पराभवाच्या काळातही वाढू शकते. २०१४ मध्ये सलग २६ सामन्यांतील पराभव तिकीट काढून पाहणारा प्रेक्षक मात्र ती संध्याकाळ परत मिळवू शकत नाही. ज्या खेळाडूच्या वाट्याला कारकिर्दीची चारच वर्षे येणार, त्याला पुढील दशकाचा नफा कोण देणार? पत्राचा पत्ता भागधारकांचा आहे, ही गोष्ट म्हणूनच दुर्लक्षणीय नाही. हप्ता भरणारे एक आणि पावती मिळणारे दुसरे, अशी ही गुंतवणूक होती.

तरीही हिंकी यांच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हटलेच पाहिजे. मध्यम दर्जाच्या संघाची कोंडी खरी असते. दरवर्षी चाळीसच्या आसपास सामने जिंकून पहिल्या फेरीत बाहेर पडणाऱ्या संघाला ना विजेतेपद मिळते ना चांगली निवड. ही कोंडी त्यांनी निर्माण केली नव्हती; ती उघडपणे बोलून दाखविली एवढेच. इतर अनेक संघ हंगामाच्या अखेरीस हेच चोरून करीत होते. २०१२ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सची निवड पहिल्या सातांबाहेर गेली असती तर ती दुसऱ्या संघाला द्यावी लागली असती. शेवटच्या टप्प्यात तो संघ पुष्कळ हरला आणि सातवी निवड त्याच्याकडे राहिली. हिंकी यांचा प्रामाणिकपणाच संघटनेला अडचणीचा वाटला असावा. शिवाय रिकाम्या झालेल्या मैदानात अप्रसिद्ध खेळाडूंना जागा मिळाली. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेले रॉबर्ट कॉव्हिंग्टन व टी. जे. मॅकॉनेल तेथेच नावारूपाला आले.

फलित

प्रश्न उरतो तो फळाचा. हरण्यातून एम्बीड मिळाला, २०१५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जलील ओकाफोर आणि हिंकी गेल्यानंतर २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर बेन सिमन्स मिळाला. २०१७ मध्ये बॉस्टनशी अदलाबदल करून पुन्हा पहिला क्रमांक घेण्यात आला व मार्केल फुल्ट्झची निवड झाली. तिसऱ्या क्रमांकावर उतरलेल्या बॉस्टनने जेसन टेटम घेतला. २०१७-१८ मध्ये फिलाडेल्फियाने ५२ सामने जिंकले, तेव्हा प्रक्रिया यशस्वी झाली असा गजर झाला. परंतु नोएल व ओकाफोर तोपर्यंत दुसऱ्या संघांत गेले होते. फुल्ट्झच्या खांद्याच्या दुखण्याने त्याचा नेमच हरवला. सिमन्सने २०२१ मध्ये संघ सोडण्याची मागणी केली. एम्बीड २०२२-२३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरीही २०१८ ते २०२५ या काळात संघ एकदाही दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. टेटमसह बॉस्टनने २०२४ चे विजेतेपद मिळविले.

यावरून पराभव निष्फळ ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पराभवाने जे देणे शक्य होते ते दिले, म्हणजे निवडीचा क्रमांक दिला. त्या क्रमांकावर कोणाला घ्यावे, त्याच्या शरीराची व मनाची काळजी कशी घ्यावी, त्याच्याभोवती कोणते सहकारी असावेत, हे ज्ञान पराभवातून मिळत नाही. ते ज्ञान असलेल्या संघाला पराभवाची गरज कमी असते आणि नसलेल्याला त्याचा उपयोग कमी होतो. प्रस्तुत लेखकास या धोरणातील मूलभूत विसंगती वाटते ती हीच.

या मतावर सॅन अँटोनियोचा आक्षेप घेतला जातो. १९९६-९७ मध्ये हा संघ केवळ २० सामने जिंकला, सोडतीत पहिला आला, त्याने टिम डंकन निवडला आणि १९९९ ते २०१४ या काळात पाच विजेतेपदे मिळविली. परंतु हाच संघ त्याच्या आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला होता. डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे सहाच सामने खेळू शकल्याने तो कोसळला होता. डंकन आला तो उभ्या घरात. पुढे टोनी पार्कर अठ्ठाविसाव्या आणि मानू जिनोबिली सत्तावन्नाव्या क्रमांकावर निवडले गेले. ती पारख कोणत्याही सोडतीतून आलेली नव्हती. आणि १९९७ च्या त्या सोडतीत सर्वाधिक शक्यता होती ती १५ सामने जिंकलेल्या बॉस्टनची, दोन निवडी हाताशी असल्यामुळे. त्याला तिसरा व सहावा क्रमांक मिळाला.

बॉस्टनची त्यानंतरची कथा अधिक बोलकी आहे. २००६-०७ मध्ये सलग १८ पराभव पचवून २४ विजयांवर थांबलेल्या या संघाला ग्रेग ओडन किंवा केव्हिन ड्युरँट यांपैकी एक मिळेल अशी आशा होती. मिळाला पाचवा क्रमांक. व्यवस्थापनाने तो क्रमांक देऊन रे ॲलन आणला, साठविलेले तरुण खेळाडू देऊन केव्हिन गार्नेट आणला आणि दुसऱ्याच वर्षी ६६ सामने जिंकून विजेतेपद मिळविले. पहिला क्रमांक मिळालेल्या पोर्टलँडच्या ओडनची कारकीर्द गुडघ्यांच्या दुखापतींत संपली.

ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण यापेक्षा अवघड आहे व त्यास टाळून जाता येत नाही. हा संघही २०२०-२१ मध्ये २२ व पुढील वर्षी २४ सामनेच जिंकला, आणि अनेकदा सशक्त खेळाडूंना बसवून ठेवल्याचा ठपका त्याच्यावर आला. २०२५ मध्ये तो विजेता झाला. परंतु त्याचा आधारस्तंभ शाय गिल्जस-अलेक्झांडर पराभवातून मिळालेला नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज देऊन लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून तो घेतला होता. जेलन विल्यम्स बाराव्या क्रमांकाचा, आणि तो क्रमांकही त्याच व्यवहारातून आलेला. दोन वाईट हंगामांनी थेट दिला तो चेट होल्मग्रेन. तो महत्त्वाचा खेळाडू आहे हे खरेच, पण एवढ्यावरून श्रेय पराभवाला देणे म्हणजे पिकाचे श्रेय पडीक जमिनीला देण्यासारखे आहे.

सोडतीचे बदललेले गणित

२०१४ मध्ये सोडत बदलण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. बाजूने १७ व विरोधात १३ मते पडली, आवश्यक होती २३. २०१७ मध्ये तो संमत होऊन २०१९ च्या सोडतीपासून तळाच्या तीन संघांची शक्यता प्रत्येकी १४ टक्के करण्यात आली, आणि सर्वांत तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकेल अशी तजवीज झाली. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत सर्वाधिक हरलेल्या संघाला एकदाही पहिला क्रमांक मिळालेला नाही. शेवटच्या तीन वर्षांत तर तो दर वेळी पाचव्यावर गेला. २०२५ मध्ये १७ सामने जिंकलेल्या युटाला पाचवा आणि ३९ जिंकलेल्या डॅलसला १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक मिळाला.

या तीनपैकी दोन वेळा घसरलेला संघ डेट्रॉइट होता. २०२३-२४ मध्ये त्याने सलग २८ सामने गमावले व पूर्ण हंगामात १४ जिंकले. पुढील वर्षी नवे व्यवस्थापन, जे. बी. बिकरस्टाफ हे नवे प्रशिक्षक आणि टोबायस हॅरिससारखे काही अनुभवी खेळाडू आले. मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम पूर्वीचाच होता. संघ ४४ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचला. कनिंगहॅम २०२१ च्या सोडतीने दिला हे मान्य करावयास हवे; परंतु त्याच्याभोवती बचाव करणारी व चेंडू बास्केटमध्ये टाकू शकणारी प्रौढ माणसे उभी करण्यास तीन वर्षे का लागली, या प्रश्नाचे उत्तर सोडतीत नाही.

२०२५ च्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीसमोर इंडियाना होता. या संघाने २०१७ मध्ये तोच पॉल जॉर्ज देऊन डोमांटास साबोनिस घेतला होता व २०२२ मध्ये साबोनिस देऊन टायरीस हॅलिबर्टन. तीन वर्षांत विजयांची संख्या २५ वरून ३५, ४७ आणि ५० अशी चढत गेली. पहिल्या पाचांतील निवड त्याला या काळात एकदाही मिळाली नाही. अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि तीत बदली खेळाडू म्हणून उतरून इंडियानाचा डाव वेळोवेळी सावरणारा टी. जे. मॅकॉनेल हा फिलाडेल्फियाच्या त्या १० विजयांच्या हंगामात एन.बी.ए.मध्ये आलेला खेळाडू होता.