आठ नॉब, चार चिकटपट्ट्या

श्रावण लागला की लालबागच्या गल्ल्यांत बेंजोच्या तालमी सुरू होतात. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. त्याचा जपानी पूर्वज ताइशोगोतो १९१२ साली नागोयात जन्मला. आता त्याच्या जोडीला पॅड आणि सिंथ आलेत. परवा अशाच एका तालमीत सिंथवाल्या पोराच्या शेजारी बसलो होतो. त्याच्यापुढे छोटा मिडी कंट्रोलर, आठ नॉबचा. चार नॉबखाली चिकटपट्टीचे तुकडे, त्यावर पेनाने लिहिलेलं: ‘उघड’, ‘थरथर’, ‘सुरुवात’, ‘शेपूट’. उरलेले चार कोरे.

माझं लक्ष त्या कोऱ्या चारांवरच खिळलं. चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, तेव्हा त्यांच्या जुपिटर-८ सिंथच्या अंगावरच दांड्या आणि बटणांची गर्दी होती. पुढे बरीचशी गर्दी मेनूंच्या पोटात गेली आणि बाहेर काय ठेवायचं हा प्रश्न वादकाच्या गळ्यात पडला. नवखा वादक दिसेल त्या नॉबला काहीतरी जुंपतो. या पोराने रिव्हर्ब सरळ वगळला: तालमीत चाळीच्या भिंतीच आवाज घुमवतात, मिरवणुकीत त्याचा नुसता चिखल होतो. लहरीचा आकारही नाही. तो आवाज बांधतानाच ठरतो. गाण्याच्या ओघात जे सुरागणिक हलतं, तेवढंच हाताशी.

‘उघड’ म्हणजे फिल्टरचा कटऑफ. इथे त्याची खरी कारागिरी. ० ते १२७ची पूर्ण धाव त्याने नॉबला दिलेलीच नाही. खालचा गुदमरलेला आणि वरचा किंचाळणारा भाग छाटून मधला पट्टा अख्ख्या फेरीवर पसरलाय. त्यामुळे बोटभर फिरवलं तरी फरक केसाएवढा. ध्रुवपद पहिल्यांदा आलं ते दाराआडून आल्यासारखं. दुसऱ्यांदा दार किलकिलं झालं. पॅडवाल्याची तिहाई समेवर पडली तेव्हा कुठे ते सताड उघडलं. तोवर त्याने घाई केली नाही.

मींड मात्र नॉबवर नाही, पिच बेंडच्या चाकावर. नॉबला १२८ पायऱ्या, त्या चाकाला १६,३८४. सूर जिना उतरत नाही, घसरतो. शिवाय सोडलं की चाक आपसूक मधोमध येतं, सूर जागेवर बसतो.

एक खोट ऐकू आली. आवाज बदलल्यावर ‘सुरुवात’ला हात लावला आणि स्वराने टुणकन उडी मारली. नॉब एकीकडे, नव्या आवाजाची साठवलेली किंमत दुसरीकडे. नॉब त्या किमतीपर्यंत पोहोचल्यावरच पकड घेईल, अशी सेटिंग हवी होती.

सगळ्यात आवडलं ते पायाखालचं पेडल. व्हॉल्यूम त्याने मिक्सरवाल्याकडे सोडलाय. पेडलवर एक्स्प्रेशन, म्हणजे त्या व्हॉल्यूमच्या आतली चढउतार. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर जे करतो, तेच हा पायाने करतो. शेवटी आरतीची चाल धरली, तेव्हा नॉबना त्याने हातही लावला नाही. टाच हळूहळू खाली गेली आणि स्वराने दम सोडला.

“बाकीचे चार रिकामे का रे?”

“काका, हात दोनच. त्यातला एक सुरांवर.”