जुना साचा, नवं खोकं

साठच्या दशकातल्या अमेरिकन मोटारींची किटं जोडणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. किटमधलं इंजिन हातात घेतलं, की त्याच्या पोटातून आरपार गेलेलं एक भोक दिसतं. खऱ्या व्ही-८ इंजिनात असं भोक नसतं. ते पुढच्या चाकांच्या लोखंडी आसासाठी आहे. एएमटी ही कंपनी मुळात मोटार विक्रेत्यांच्या काउंटरवर ठेवायची तयार मॉडेलं करत असे. १९५८मध्ये तिनं तशीच १:२५ प्रमाणातली गाडी सुट्या भागांत, ‘थ्री इन वन’ किट म्हणून बाजारात आणली. एकाच खोक्यातल्या भागांतून कारखान्यात निघते तशी, हौसेनं सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती गाडी जोडायची. पुढे या किटांत इंजिनही आलं. पण पोरांना गाडी फरशीवर पळवता यायला हवी होती आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत सरळ सळई घालणं हा सर्वांत स्वस्त उपाय होता. वाटेत इंजिन येत होतं, म्हणून इंजिनाला भोक पाडलं.

आज त्याच साच्यातून निघालेलं किट नव्या खोक्यात येतं आणि भोक जिथल्या तिथे असतं. ते बुजवायचं की ठेवायचं? जुन्या गाड्यांच्या किटांची सध्या जी लाट आली आहे, तिचं मूल्यमापन मला याच प्रश्नापासून सुरू करावंसं वाटतं. रीइश्यूमध्ये, म्हणजे जुनं किट पुन्हा बाजारात येतं तेव्हा, नक्की काय परत आलं, हे आपण नीट विचारत नाही. गाडी परत आली, की त्या काळचं खेळणं, की नुसतं खोक्यावरचं चित्र?

पुस्तकांच्या धंद्यात पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतला फरक पहिल्या पानावर छापलेला असतो. किटांच्या धंद्यात तो बहुतेक वेळा छापत नाहीत. पोलादी साचा हे मोठं टिकाऊ प्रकरण आहे. नीट तेल लावून ठेवला तर पन्नास वर्षांनीही त्यात वितळलेलं स्टायरीन दाबून भाग काढता येतात. पण साचा झिजतो. त्याच्या दोन पाकळ्या पूर्वीसारख्या घट्ट मिटत नाहीत आणि फटीतून बाहेर आलेलं प्लॅस्टिक प्रत्येक भागाच्या कडेला कागदासारखी झालर धरतं. शिवाय अमेरिकन कंपन्यांनी आपले साचे स्वतःच खोदून बदलले. यंदाचं मॉडेल पुढच्या वर्षी शिळं होत असे, म्हणून त्याच पोलादात नवी जाळी, नवे दिवे, नवा बंपर कोरला जाई. एका वर्षाची गाडी दुसऱ्या वर्षाच्या गाडीत अशी कायमची विरून गेली. म्हणून आज खोक्यावर ‘ओरिजिनल’ असं लिहिलेलं असलं, तरी आत मूळ पोलाद असेल, मूळ रूपाकडे परत वळवलेलं पोलाद असेल, किंवा एखादं जुनं किट मोजून अगदी नव्यानं कोरलेली बॉडी असेल. हे तिन्ही प्रकार मला मान्य आहेत. कुठला प्रकार आहे हे ग्राहकाला न सांगणं मात्र मान्य नाही. एएमटी आणि एमपीसी ही किटांची दोन्ही जुनी नावं आज चालवणारी अमेरिकेतली ‘राउंड २’ कंपनी जुन्या खोक्यांची चित्रं फार प्रेमानं परत छापते आणि अलीकडे काही गाड्यांच्या बॉडी तिनं नव्यानं कोरल्याही आहेत. त्या कोरलेल्या बॉडी हे या क्षेत्रातलं गेल्या काही वर्षांतलं खरं काम आहे, असं मी मानतो. त्यापुढे चित्रांचं कौतुक दुय्यम.

साच्यांची वंशावळ पाहिली तर हे किती नाजूक आहे ते कळतं. ब्रिटनमधली एअरफिक्स ही किट कंपनी १९८१ साली बुडाली. तिचे साचे नव्या मालकांबरोबर फ्रान्समध्ये गेले, पुढे हम्ब्रॉलकडे आले आणि २००६मध्ये तीही कंपनी कोसळल्यावर हॉर्नबी कंपनीनं एअरफिक्सचं नाव विकत घेतलं. त्या धांदलीत कितीतरी पोलाद नॉर्मंडीतल्या एका कारखान्यात अडकून पडलं होतं. २०१८मध्ये रेव्हेल या किट कंपनीची अमेरिकन मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेल एका जर्मन गुंतवणूकदाराच्या हाती गेली. दर वेळी कोणीतरी गोदामात उभं राहून ठरवतं, की कुठला साचा ठेवायचा आणि कुठला भंगारात घालायचा. एअरफिक्सची १:१२ प्रमाणातली ‘ब्लोअर’ बेंटली १९७१ सालची. टिम बर्किननं १९३०च्या ल मॉंसच्या शर्यतीत कराचिओलाच्या मर्सिडीजचा पाठलाग केला तो याच जातीच्या गाडीतून. रेडिएटरच्या पुढे, दोन चॅसी-दांड्यांच्या मधे बसवलेला तो सुपरचार्जर आपल्याला प्लॅस्टिकमध्ये हाताळता येतो, कारण दर मुक्कामी हा साचा भंगारातून वाचला.

मोटारसायकलींपाशी मी जास्त वेळ थांबणार आहे. मोटारीला बॉनेट असतं, दारं असतात, आतला दोष झाकता येतो. मोटारसायकलीत सगळं उघड्यावर. इंजिनाच्या पात्या, कार्ब्युरेटर, क्लचची केबल, चेन, सायलेन्सरचं वळण, सगळं समोर. आणि मधे हवा. चांगल्या मोटारसायकलीच्या मॉडेलमधून पलीकडचं दिसलं पाहिजे आणि जे दिसतं ते कुठून सुरू होऊन कुठे संपतं हे कळलं पाहिजे.

हे सर्वांत आधी ज्याला कळलं तो स्वतः शर्यतीतला माणूस होता. तार्क्विनियो प्रोविनी हा इटालियन. १९५७ साली माँडियालवर १२५ सीसीचा आणि १९५८मध्ये एमव्ही अगुस्तावर २५० सीसीचा जागतिक विजेता. १९६३मध्ये एक सिलिंडरच्या मोटो मोरिनीवर त्यानं होंडाच्या जिम रेडमनला शेवटपर्यंत झुंजवलं आणि अवघ्या दोन गुणांनी विजेतेपद गमावलं. १९६६मध्ये आयल ऑफ मॅनला बेनेलीवरून पडून त्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि शर्यती संपल्या. त्यानंतर त्यानं स्वतःच्याच नावातली अक्षरं जोडून ‘प्रोतार’ नाव घेतलं आणि मोटारसायकलींची १:९ प्रमाणातली किटं काढली. ब्रेकची तार कुठल्या बाजूनं वळते, टाकीवर गुडघा टेकतो तिथे खोलगट भाग किती, हे त्याला चित्रावरून शोधावं लागत नव्हतं. प्रोतारचे साचे पुढे इटालेरी कंपनीकडे गेले आणि नॉर्टन मॅंक्ससारखी किटं त्यातून परत आली. ही किटं जोडायला सोपी नाहीत. भाग एकमेकांत पटकन बसत नाहीत, सूचनापत्रकातली चित्रं दाट आहेत. पण फ्रेम आणि इंजिन एकत्र आलं, की गाडीची बसण्याची ढब बरोबर उतरते. पुढे झुकलेली, दोन्ही चाकांवर वजन तोललेली. ही ढब मोजून मिळत नाही. साचा कोरणाऱ्याच्या डोळ्यांत ती आधी असावी लागते.

इटालेरीकडेच एस्सी कंपनीचेही साचे आहेत. त्यातली ट्रायम्फ ३एचडब्ल्यू मी गेल्या पावसाळ्यात जोडायला घेतली. १९४०च्या बॉम्बवर्षावात कोव्हेंट्रीचा कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर ट्रायम्फनं लष्करासाठी केलेली ही ३५०ची एक सिलिंडरची गाडी. मागे सस्पेन्शन नाही, पुढे गर्डर फोर्क. किटमधला कार्ब्युरेटर म्हणजे जवळजवळ एक गोळा होता आणि केबल कुठे जाते याचा पत्रकात पत्ता नव्हता. युरोपातले हौशी अशा वेळी संग्रहालयात जातात. मी पेठेतल्या बुलेटच्या मेकॅनिककडे गेलो. जुनी बुलेट आणि ३एचडब्ल्यू बहिणी नव्हेत, पण त्याच ब्रिटिश विचारातून निघालेल्या आहेत. पुशरॉडचं ३५० सीसीचं सिंगल इंजिन, उजव्या पायाचा गिअर, डाव्या पायाचा ब्रेक. १९५५पासून मद्रासमध्ये बनत आलेल्या या गाडीमुळे आपल्याकडे ही जुनी रचना रस्त्यावर जिवंत राहिली. मेकॅनिकनं टाकी उतरवून ठेवली होती. केबल हँडलखालून कशी सैल वळण घेते, आवळून बांधली तर हँडल फिरवताना क्लच कसा ओढला जातो, हे त्यानं मला हँडल फिरवून दाखवलं. घरी येऊन मी मॉडेलची ताणून बसवलेली केबल काढली आणि बोटभर लांब ठेवली. कुठल्याही महागड्या जोडभागानं हे काम केलं नसतं.

स्पोक हा मात्र या कलेचा जुना दुखरा भाग आहे. खऱ्या मोटारसायकलीचा स्पोक साधारण साडेतीन मिलिमीटर जाड. १:९ला तो ०.४ मिलिमीटरच्याही आत यायला हवा, १:१२ला ०.३च्या. इतक्या बारीक आणि लांब वाटेत वितळलेलं प्लॅस्टिक शेवटपर्यंत पोचत नाही, मधेच थिजतं. म्हणून किटातले स्पोक जाड असतात आणि चाक तारांचं न दिसता जाळीचं दिसतं. तुरिनच्या पोखेर कंपनीनं १:८च्या आल्फा रोमिओत धातूचे स्पोक एकेक करून माणसाच्या हातानं ओवायला लावले होते. धातूच्या भागांची किटं करणारी जपानी मॉडेल फॅक्टरी हिरो आजही अशा बारकाव्याच्या मागे जाते, पण ती किंमत सगळ्यांना परवडणारी नाही. बाकीचे आम्ही हबला भोकं पाडून गिटारची तार ओवतो. मागचं चाक ३६ किंवा ४० तारांचं. निम्म्या बाहेरून आत, निम्म्या आतून बाहेर. एक जरी चुकली तरी रिम हलते. रीइश्यू करणाऱ्या कंपन्यांनी खोक्यावरच्या चित्राचा खर्च थोडा कमी करून पातळ धातूचे कोरीव स्पोक आत घातले असते, तर मोटारसायकलींच्या किटांचा दर्जा एका झटक्यात वर गेला असता.

असं केल्यानं काय होतं, हे तामिया या जपानी किट कंपनीनं दाखवलं आहे. १९६७ साली त्यांनी १:१२ प्रमाणात होंडाची आरए२७३ ही फॉर्म्युला वन गाडी काढली. आरए२७३ परत आणताना त्यांनी जुनं पोलाद तसंच ठेवलं, पण बारीक भागांसाठी पातळ धातूचा कोरीव पत्रा सोबत दिला. जुन्या साच्याचा मान राहिला आणि जिथे प्लॅस्टिक हरतं तिथे धातू आला. मला रीइश्यूचा हा आदर्श वाटतो. जुन्या किटातल्या चुका जुन्या काळाची साक्ष म्हणून ठेवाव्यात हे मला पटतं, पण टायर, डिकल (गाडीवर चिकटवायची चिन्हं) आणि स्पोक या तीन ठिकाणी नाही.

टायरचंच उदाहरण घ्या. किटमधले मऊ टायर ज्या प्लॅस्टिकचे असतात, त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि स्टायरीनला विरघळवतं. एका कंपनीचं, वीस वर्षं बंद पडून असलेलं खोकं मी उघडलं, तर टायरनं रिमचा अर्धा कठडा खाल्लेला होता. वीस वर्षांपूर्वीही हे सर्वांना माहीत होतं. टायर वेगळ्या पिशवीत घातला असता तर हे झालं नसतं. पिवळ्या पडलेल्या डिकलला निदान उपाय आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचं, आठवडाभर ऊन लागलं की पिवळेपणा उतरतो. जून ते सप्टेंबर मात्र ऊन नसतं आणि लॅकर मारायलाही ते दिवस वाईट. थिनर उडताना रंगाचा थर गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकचकीत काळी टाकी दुधाळ होते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या हौशींचं वर्ष म्हणूनच दिवाळीनंतर सुरू होतं.

घरगुती थ्रीडी प्रिंटरनं सध्या फार काही बदललं आहे. कार्ब्युरेटर, दिवे, टायर, अख्खी सिलिंडर हेडं लोक स्वतः काढतात. साचा नसलेली गाडीही आता जन्माला येऊ शकते आणि मला याचा आनंद आहे. पण जोडणाऱ्यांच्या कामाकडे पाहताना एक काळजी वाटते. प्रदर्शनांत आणि छायाचित्रांत दिसणारी बहुतेक मॉडेलं आरशासारखी पॉलिश केलेली असतात, क्रोमला डाग नसतो, पण चेन कुठल्याच स्प्रॉकेटवर नीट बसलेली नसते, ब्रेकची सळई हवेत संपते. यंत्र म्हणून ती गाडी चालू शकत नाही. विकत घेतलेल्या सुंदर भागांची ती मांडणी असते. प्रोविनीच्या किटांत चुका असतील, पण त्याची प्रत्येक तार कुठेतरी पोचत होती. परीक्षकांनी रंगाला दिलेल्या गुणांतले थोडे गुण यासाठी राखून ठेवले पाहिजेत, असं मी आमच्या मंडळात मांडलं आहे. अजून सगळ्यांना ते पटलेलं नाही.

त्या अमेरिकन इंजिनाच्या भोकाबद्दल माझं मत आता ठरलं आहे. कारखान्यात निघाली तशी गाडी करायची असेल तर ते पुट्टीनं बुजवावं आणि पुढचा आस खऱ्या गाडीसारखा करावा. त्या काळच्या पोरानं केली तशी करायची असेल तर सळई घालावी आणि गाडी फरशीवर सोडून बघावी. माझ्या फळीवर दोन्ही आहेत. घरी आलेली मुलं कुठली उचलतात ते मी पाहत असतो. ट्रायम्फचं मागचं चाक अजून टेबलावर आहे, बाहेरच्या बाजूच्या तारा ओवून झाल्या आहेत, आतल्या राहिल्या आहेत.