रंगमंचावाचून नाट्यपद

नाट्यपदाची तबकडी ऐकताना मी एकच कसोटी लावतो. पडदा नाही, वेशभूषा नाही, 'वन्समोअर'चा गजर नाही; मग पात्र उरते का? आम्हां नंदाखालकरांना ही कसोटी सोयीचीच. बालगंधर्व आमच्या वाट्याला आले ते कानांनीच!

जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगमंचावर गंधर्व एकेक पद कितीतरी वेळ रंगवीत. ते ऐश्वर्य येथे नाही. तरीही 'स्वयंवर' (१९१६) मधली त्यांची पदे ऐकावीत. चाली भास्करबुवा बखले यांच्या, पण शब्दाला असे हळुवार गोंजारणे रुक्मिणीचेच.

मास्टर दीनानाथांचे याच्या उलट. 'रणदुंदुभि' (१९२७) मधले त्यांचे पद लागले, की तानेच्या झेपेबरोबर नाटकातला प्रसंग कुठच्या कुठे उडून जातो. उरतात ते दीनानाथ! नाट्यपद म्हणून ही उणीव खरी; पण अशा उणिवेवरून जीव ओवाळून टाकावा.

हे दोन्ही गुण मला एकत्र भेटले वसंतराव देशपांड्यांत. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मधले खाँसाहेब स्वतःच गवई. त्यामुळे तेथे गायकी हीच भूमिका. अभिषेकीबुवांनी दिलेल्या चालींतून खाँसाहेबांचा ताठा आणि त्यामागची तळमळ दोन्ही ऐकू येतात.

रसिकहो, या दिवाळीत नाटकाची गोष्ट न सांगता घरातल्या मुलांना ही पदे ऐकवा. गंधर्वांचे गाणे ऐकून एखाद्याने "ही बाई कोण?" असे विचारले, तर तबकडी जिंकली म्हणायची!