आजीनें लिहिलेलें युद्धचरित्र

आपल्या घराण्यांतील एखादा पूर्वज 1914 च्या महायुद्धांत कोठें होता याचा शोध घेऊन तो छापून काढण्याची हौस अलीकडे वाढली आहे. हौस स्तुत्य खरी. परंतु अशा लेखनांत पणजोबांच्या पदकाला जितकी जागा मिळते, तितकी त्यांच्या मनाला मिळत नाहीं. या प्रकारचें जें एक पुस्तक आम्हांस फार मोलाचें वाटतें, त्याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

तें पुस्तक म्हणजे 1928 सालीं प्रसिद्ध झालेलें बंगाली 'कल्याण-प्रदीप'. लेखिका मोक्षदादेवी, वय तेव्हां सुमारें ऐशीं. चरित्रनायक त्यांचाच नातू, कप्तान कल्याणकुमार मुखर्जी, हिंदी फौजेंतील डॉक्टर. 1915 मध्यें ते मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत गेले. जनरल टाउनशेंडच्या सैन्याबरोबर कूट-अल्-अमारा येथें तुर्कांच्या वेढ्यांत सांपडले. 29 एप्रिल 1916 रोजीं सैन्य शरण गेल्यावर कैदी झाले, आणि 1917 मध्यें रास-अल्-ऐन येथें कैदेंतच वारले.

आजीच्या हातीं मुख्य साधन म्हणजे नातवानें घरीं धाडलेलीं पत्रें. त्यांच्या जोडीला युद्धाची हकीकत घालून हा चारशेंवर पृष्ठांचा ग्रंथ त्यांनीं सिद्ध केला. तो आटोपशीर नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु त्यांतील एका पत्रासाठीं आम्ही याहून मोठा विस्तारही सोसला असता. त्या पत्रांत कप्तान लिहितात कीं, या रक्तपाताच्या मुळाशीं देशभक्ति आहे. देशभक्ति म्हणजे दुसऱ्याचा देश हिरावून घेणें. हा धडा इंग्रजांनीं शिकविला, आणि आमचे बाँब फेंकणारे तरुणही तोच गिरवीत आहेत. हें वाचून सरकारही खूष होणार नव्हतें आणि राष्ट्रीय पक्षही. पत्र गाळणें आजीला अगदीं सोपें होतें. तें त्यांनीं गाळलें नाहीं. नातवाला वीर करण्यापेक्षां त्याला बोलूं देणें त्यांनीं पसंत केलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. त्याच कूटमध्यें 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या. त्यांतील सातारा-रत्नागिरीकडील शिपायाला बहुधा लिहितां येत नसे. पत्र दुसऱ्यानें लिहावयाचें आणि वाटेंत सेन्सॉरनें वाचावयाचें. त्याच्या नातवाच्या हातीं उरतें तें पदक, कडेवर नंबर, नांव आणि पलटण कोरलेलें. गांवांत एखादी संगमरवरी शिळा असेल तर तीवर इतके गेले, इतके मेले एवढेंच; परत किती आले, तें वजाबाकीनें काढावें. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत, साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या! युद्धस्मारकें सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानें 2021 सालच्या अहवालांत अशा विषमतेची कबुली दिली. त्याच आयोगाच्या नोंदींत कित्येक मृतांच्या नांवापुढें बापाचें नांव, गांव व जिल्हा सांपडतो. शोधाचा आरंभ तेथून करावा, असें आम्ही सुचवितों.

आमचा खरा आक्षेप पुढील पायरीला आहे. नंबर हातीं येतो, त्यावरून पलटण कळते, आणि मग पलटणीच्या इतिहासांतील सगळ्या लढाया आजोबांच्या खातीं जमा होतात! एकाच पलटणीचे कांहीं शिपाई वेढ्यांत उपाशी होते, तर मागाहून आलेले वेढ्याबाहेर, सुटकेसाठीं निघालेल्या फौजेंत लढत होते. आणखी कोणी हिंदुस्थानांतील डेपोंत कवाईत शिकत असेल. भरतीची तारीख ठाऊक नसतां आजोबांना टेसिफोनच्या रणांत उभें करणारा लेखक इतिहास लिहीत नसून पोवाडा रचतो. आमच्या पाहण्यांतील अशा लेखांतून 'बहुधा' हा शब्द पहिल्या पानावर भेटतो, तिसऱ्या पानावर नाहींसा होतो.

'कल्याण-प्रदीपा'चें भाषांतर कोणा बंगाली जाणणाऱ्या मराठी लेखकानें हातीं घेतल्यास आम्हांस संतोष होईल. मात्र तें करतांना वरील पत्र संक्षिप्त करूं नये.