समाधी आणि पुराण

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलसमोर एका रात्री आम्ही उभे होतो. दिवसाची वर्दळ ओसरली होती. द्वार बंद होते. आत रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार सहकारी यांच्या अस्थी आहेत. हे पाचही जेझुइट २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे मारले गेले. १८९३ मध्ये रोमने त्यांना धन्य हुतात्मे म्हणून गौरविले. त्या निःशब्द द्वाराशी आमच्या मनात उभा राहिला तो मात्र एक वाङ्मयीन प्रश्न.

ती शवे मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते फादर स्टीफन्स हेच पुढे ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते झाले. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापलेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १९५६ मध्ये बंडेलूंनी देवनागरीत आणला. तरी त्याचे वाचन बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपाशीच थांबते. आमच्या मते त्याचे खरे मोल निराळे आहे. हौतात्म्य काय असते, हे ज्याला सोबत्यांच्या शवांनी शिकविले, त्याने ख्रिस्ताच्या मरणाची कथा सांगण्यासाठी लॅटिन वा पोर्तुगीज न निवडता इथल्याच पुराणांची वाणी निवडली. ज्या भूमीने त्याचे सोबती गिळले, तिचीच ओवी त्याने ओठी घेतली.

पण एवढेच म्हणून थांबणे हा अर्धा न्याय होय. कुंकळ्ळीच्या क्षोभामागे साष्टीतील पाडलेली देवळे होती. पुढे तेथील गावकारांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून ठार करण्यात आले. आणि पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती श्रोता विचारतो की, जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ज्या पोकळीत हे सुंदर काव्य जन्मले, ती पोकळी सत्तेनेच निर्माण केली होती. कवीने हा प्रश्न झाकला नाही, हे त्याचे मोठेपण. त्याची दाहकता आम्ही विसरलो, हा आमचा दोष.

पारशिवनीस परतल्यावर रात्री दिव्याशी आम्ही तो ग्रंथ पुन्हा उघडला. ओव्यांचे माधुर्य तसेच होते. मात्र आता प्रत्येक ओवीआड आम्हांस दोन मौने ऐकू येत होती. पैकी एकास मंदिरात आसरा मिळाला. दुसऱ्यास कुंकळ्ळीत स्मारक लाभावयास शतके लागली. टीकाकाराने दोहोंपाशी सारख्याच नम्रतेने उभे राहावे, तरच हे काव्य त्याला पुरते कळेल.