संकल्पना नको, उगम सांगा

डहाणू-तलासरीकडच्या हळदी-लग्नांत तारप्याचा, म्हणजे वारली आदिवासींच्या फुंकवाद्याचा, आवाज आता बऱ्याचदा कीबोर्डमधून येतो. टोन तारप्याचा, जोडीला ऑक्टोपॅड, ठेक्यात सीमेपलीकडच्या दक्षिण गुजरातचा रंग आणि मागे टेम्पोवर रचलेले स्पीकर. यूट्यूबवर ‘तारपा मिक्स’चा ढीग आहे. हे अस्सल इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, पण त्यामागची संकल्पना सांगायला इथला कीबोर्डवाला कधी माइक हातात घेत नाही. शहरातल्या प्रयोगशील मैफलीत मात्र लॅपटॉप उघडण्याआधीच निसर्ग, स्मृती, मुळं यांवर निवेदन होतं. दोघांपैकी बरोबर कोण?

मूळ तारप्याला निवेदनाची गरज पडली नाही, कारण त्याचं सगळं उघड्यावर होतं. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना मेण. वादक दम न तोडता फुंकत राहतो. फुगलेले गाल सगळ्यांना दिसतात. नाचाचा पुढारी घुंगुरकाठी आपटतो, चाल बदलली की पाऊल बदलतं. ज्याला चाल कळली नाही त्याचं पाऊल अडखळतं. समीक्षा तिथल्या तिथे होते.

तारप्याच्या चित्राचं नशीब मात्र वेगळं निघालं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातलं तारपा नाचाचं वेटोळं आज कपांवर, साड्यांवर, भिंतींवर आहे आणि खाली ‘जीवनचक्र’ अशी तयार ओळ. अर्थ असा आयता हातात आला की बघणारा चित्रातला वादक बघायचं सोडतो. संगीताचंही तसंच होऊ शकतं.

त्याचे दाखले डहाणूवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना सापडतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेलं काम अनेक दशकं टेपांमध्येच पडून होतं. २०२३ मध्ये ते प्रकाशित झालं, तेव्हा त्याच्याभोवती इतिहासाचं मोठं कडं होतं. मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. ती चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि ‘शिकागोच्या आधीचं अ‍ॅसिड हाउस’ (शिकागोत नंतर रुजलेली इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची शैली) ही कथाच जास्त गाजली. मुळात सिंग यांनी भैरवी, ललित, तोडी अशी रागांची नावं दिली होती. आपल्या कानांना तेवढं पुरतं. ख्यालगायकही रागाचं, तालाचं नाव सांगतो आणि षड्ज लावतो.

पण कीबोर्डवाल्याचं मौनही निर्दोष नाही. फुंकणारा दिसेनासा झाला की आवाज कुठून आला हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. तारप्याचा स्वर दमानुसार किंचित हलतो, कीबोर्डचा जागेवर ठाम राहतो. हाडाचा कीबोर्डवाला पिच बेंड फिरवून ती हालचाल परत आणतो आणि नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठेका ओढतो. पेनड्राइव्हवरच्या मिक्सला पाय दिसत नाहीत. हा फरक मोठा आहे, पण दोन्हींवर लेबल एकच.

शहरी निवेदनात जंगल आणि माती असते, पण ज्याचा श्वास सॅम्पलमध्ये घेतला त्याचं नाव नसलं तर त्या पाल्हाळाला काय अर्थ? जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे वादक आपलं वाद्य स्वतः घडवतात. अशा माणसाची फुंक ‘ट्रायबल लूप’ म्हणून वापरली जाणं ही चोरीच, मग संकल्पना कितीही उदात्त असो.

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंना एकच आहे. चाल कुठली, कोणत्या पाड्यावरची, कोणाकडून घेतली, टोन कोणी बनवला, चाल मुळात कोणत्या प्रसंगाची, एवढं लिहा. व्हिडिओखाली चार ओळी पुरेत. त्या संगीताचा अर्थ काय, हे मात्र नाचणाऱ्यांवर सोडा. निवेदनाशिवाय ज्या रचनेवर पाय हलत नाही किंवा कान थांबत नाही, ती निवेदनानेही वाचणार नाही.